सुनेचं आयुध

माझ्या माहेरी, जानेफळले, अजूनही म्हणतात की माझं कोकिळा हे नाव ठेवलं तेव्हा घरच्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. मी रागीट आहे. तोंडात आलेला शब्द मले गिळता येत नाही. अन् लग्न करून गेले ते अशा घरी, जिथं कोणत्याच प्रश्नाले सरळ उत्तर नाही. भाजी कोणती करू विचारलं तं सासूबाई म्हणणार, “कर काहीही.” मग ताटावर बसल्या की, “हे कायले केलं व?”

हे एकोणनव्वद सालचं. मी अकोल्याले राहून कंप्यूटरचा कोर्स केलेला, अन् खामगावच्या एका जिनिंग सोसायटीनं नुकताच कंप्यूटर घेतलेला. शेतकऱ्यांच्या कापसाच्या वजनाच्या पावत्या त्याच्यावर निघणार होत्या. पण तो चालवणार कोण? म्हणून मले ठेवलं. गावाहून रोज यष्टीनं जायचं अन् यायचं. सासूबाईंनी, गोजरबाईंनी, हो म्हटलं, पण अट घालून.

“दसऱ्यापर्यंत जाय. दसऱ्यानंतर कापूस फुटते. घरची सून यष्टीत बसून फिरन, अन् मी वेचणीले बाया हुडकत फिरू काय?”

आमच्या ह्यांना, पंजाबरावांना, विचारलं तं हे म्हणाले, “आई म्हणते तसं.” माणूस सोन्यासारखा आहे, पण आईपुढं त्याची जीभ टाळूले चिकटते.

मले ते काम फार आवडे. सकाळी खोली उघडली की आधी मशीनची विचारपूस, मग बाकीचं. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर हिरवे आकडे पळत, मशीन आपली मेमरी स्वतःच मोजून घेई. मग एक छोटी रेघ लुकलुकत थांबे, की विचार आता. मी एकेक कमांड टाइप करून एंटर दाबायची. डिस्क कशी आहे? जागा किती, भरली किती, खराब किती, मोकळी किती? मेमरी किती शिल्लक? जे असेल ते मशीन सरळ सांगे, आडपडदा नाही. मले तेवढ्यानंच बरं वाटे. दसरा जवळ आला तशी माझी झोप उडाली होती. हे सुटलं तं मी काय करू, हाच विचार.

खंडेनवमीच्या सकाळी सासूबाईंनी ओसरीत पाट मांडला. विळे, कुऱ्हाड, वखराची पास, सगळं घासूनपुसून पाटावर ठेवलं. मग माझ्याकडं वळल्या.

“तुह्यं आयुध कोठी हाय?”

मी माझा निंदणाचा विळा पुढं केला.

“हा नाही. तू ज्याच्यावर काम करतं ते.”

“ते खामगावले आहे आत्याबाई. आणता नाही येत.”

“मंग आपून जाऊ.”

मले खरंच वाटेना. कंप्यूटरले आयुध म्हणणारं माणूस आमच्या सोसायटीतही नव्हतं. यष्टीत त्या पूजेचं ताट फडक्यात बांधून मांडीवर धरून बसल्या होत्या, अन् मी शेजारी बसून मनातल्या मनात नाचत होते. म्हटलं, जिंकलं. म्हातारीनं माझं काम मानलं.

सोसायटीत जिनिंगच्या मशिनींना हार घातले होते, नारळ फुटले होते, सगळीकडं गुलाल. कंप्यूटरच्या खोलीले मात्र कुलूप. ते कोणाच्या ध्यानातच नव्हतं. चौकीदार शेषरावनं किल्ली दिली. मी खोली उघडून सासूबाईंना बसवलं अन् म्हणाले, “दोन झेंडूची फुलं घेऊन येते.”

फुलं घेऊन आले तं सासूबाई खाली फरशीवर बसलेल्या. कीबोर्ड वायर काढून मांडीवर घेतलेला. अन् तांब्यातलं पाणी घालून घालून, नारळाच्या शेंडीनं तो घासून राह्यल्या होत्या.

माझ्या तोंडात काय काय आलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

“आत्याबाई, हे काय करून राह्यल्या तुम्ही?”

“धुतल्याबिगर पूजा करतेत काय आयुधाची?” त्यांनी वरही पाह्यलं नाही. “किती मळ होता त्याच्यात. तुह्या बोटाचाच हाय सारा.”

“याले पाणी चालत नाही. पाण्यानं मरते हे.”

त्यांचा हात थांबला. त्यांनी वर पाह्यलं, अन् त्यांचं तोंड असं उतरलं की माझा अर्धा राग तिथंच गेला. उरलेला अर्धा मी कीबोर्ड उलटा करून झटकण्यात घालवला. पाणी गळतच होतं. मशीनचा डब्बाही ओल्या फडक्यानं पुसलेला. परवा खरेदी सुरू होणार, पहिल्या दिवशी पावत्या निघायच्या, अन् मशीन नारळाच्या शेंडीनं घासलेलं. मॅनेजरले काय सांगू? आयुध धुतलं?

अंगणात ऊन कडक होतं. रिकाम्या बोऱ्यांवर कीबोर्ड उपडा ठेवला, अन् आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलो. बऱ्याच वेळानं पाह्यलं तं सासूबाई पदरानं त्याले वारा घालून राह्यल्या होत्या.

“राहू द्या,” मी म्हणाले. “ऊन पुरे आहे.”

“मी तं चांगलं कराले गेली होती.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “आता तुले वेचणीले याचं हाय. हे सुटनार. म्हनलं, पोरीनं एवढे दिवस ज्याच्यावर हात ठेवला, त्याची पूजा करून, हात जोडून मंग सोडावं. उगाच पाठ फिरवून नाही जाऊ.”

म्हणजे त्या निरोप द्यायले आल्या होत्या. यष्टीत मी ज्याच्यासाठी मनात नाचत होते, ते हे. मले राग तरी यायचा, तं तोही आला नाही. मी कीबोर्ड उलटून त्याची दुसरी बाजू उन्हाले धरली.

कीबोर्ड सुकला तसा आत नेला, वायर जोडली अन् बटणावर हात ठेवला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “आज आयुधाले काम नाही सांगत, बाई.”

“काम नाही सांगत. बरं आहे का, एवढंच विचारते.”

त्यांनी थोडा विचार केला. “विचार. पोळ्याच्या दिवशी बैल लंगडला तं तेव्हाही पाहाच लागते.”

बटण दाबलं. पडद्यावर हिरवे आकडे पळू लागले.

“काय म्हनते ते?”

“मेमरी मोजते. काय काय आठवू शकते, ते.”

“आठवते?”

“सगळं आठवते.”

छोटी रेघ लुकलुकायला लागली. आता खरी परीक्षा कीबोर्डची. मी जपून एकेक अक्षर दाबलं. दोन बटणं जड झाली होती, जोर लावला तेव्हा उठली, पण उठली. डिस्क तपासायची कमांड पुरी झाली, एंटर दाबलं. डब्ब्यातून करकर आवाज आला. सासूबाईंनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. पडद्यावर ओळी उमटल्या.

“सांग ना व.”

कसं सांगू? मग सुचलं. “समजा हे वावर आहे. ही वरची ओळ म्हणजे सगळी जमीन. ही पेरलेली. ही पडीक, तिच्यात काही लावता येत नाही. अन् ही मोकळी.”

त्या पुढं वाकल्या. अक्षर एक येत नव्हतं, पण बोट पडीकच्या ओळीपाशी नेलं. काचेले न लावता.

“पडीक काल होती तेवढीच हाय, का आज वाढली?”

मी आकडा पाह्यला. रोज पाहायची, पाठ होता मले. तोच होता. एक आकडा इकडचा तिकडं नाही.

“तेवढीच आहे आत्याबाई. काही झालं नाही याले. चांगलं आहे.”

त्यांनी मोठा श्वास सोडला अन् स्टुलावर बसल्या. मग हळदी-कुंकवाची वाटी हातात घेऊन माझ्याकडं पाह्यलं. “कोठी लावू? तू सांगशीन तेथीच लावतो.”

लग्न झाल्यापासून त्यांनी मले कधी काही विचारून केलं नव्हतं. मी त्यांचं बोट धरून डब्ब्याच्या पत्र्यावर, एका कडेले, नेलं. त्यांनी इवलासा टिळा लावला. माझे डोळे भरून आले, अन् मी ते लपवले नाहीत.

“रडाचं तं तिकडं सरकून रड,” त्या म्हणाल्या. “पुन्हा ओलं होईन ते.”

मी हसले, डोळे पुसले, एकदा शेवटची कमांड देऊन मेमरी पाह्यली, अन् मशीन बंद करायले हात पुढं केला. त्या बसल्या जागेवरून माझ्या हाताकडंच पाहत होत्या.

“रोज विचारतं असं?”

“रोज. सकाळी आल्या आल्या.”

“अन् तू नाही आली तं कोन विचारीन याले?”

“कोणी नाही. इथं दुसऱ्या कोणाले येत नाही.”

मी काही डाव टाकला नव्हता. होतं ते सांगितलं. आशा तं मी अंगणातच सोडली होती.

त्या उठल्या. ताट फडक्यात बांधलं, गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. माझ्याकडं पाह्यलं नाही.

“मुकं जनावर एकाच मानसाच्या हाताले लागलं असलं, तं त्याले असं सोडून नाही देत,” त्या गाठीकडं पाहत म्हणाल्या. “वेचणीले बाया मी पाहीन. पंजाबले मीच सांगीन. तू येत जाय इकडं.”

“हाव, येत जाईन,” मी म्हणाले, अन् ताट त्यांच्या हातातून घेतलं.