अडकलेला गुडघा

"छत्तीस! छत्तीस नंबर कोण आहे?"

"अहो मावशी, छत्तीस नंबरवाले आत गेलेत. तुम्हीच तर पाठवलंत!" बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

मावशींना हसू आलं नाही. हाडांच्या ओपीडीच्या दाराशी कागद गोळा करत, नंबर पुकारत त्यांची बावीस वर्षं गेली होती, पण अशी चूक कधी झाली नव्हती. आज नजर सारखी जिन्याकडे धावत होती. एक्केचाळीस नंबर त्यांच्या नवऱ्याचा होता आणि नवऱ्याचा पत्ता नव्हता.

मावशी डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. पण माणूस बाकावरून उठला कसा, एवढ्यावरून त्या गुडघा ओळखत. हातांनी रेटा देऊन उठणारा आणि चार पावलांनी सैल होणारा, तो झिजेचा. वळताना पाय आपला नसल्यासारखा बिचकणारा, त्याचं लिगामेंट गेलेलं. डॉक्टर कौतुकानं म्हणत, "मावशी, तुमच्या डोळ्यांतच एक्स-रे आहे."

घरात मात्र तो एक्स-रे कुणी मानत नव्हतं. नवरा रंगकाम करायचा. सगळे त्याला रंगारीबुवाच म्हणत. तीन आठवड्यांपूर्वी शिडीवरून उतरताना पाय जागेवर राहिला आणि अंग वळलं.

"मुरगळलाय नुसता," रंगारीबुवा म्हणाले.

"सूज लगेच आली का दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी. तू पोलिसात कधी लागलीस?"

सूज सावकाश आली, म्हणजे सांध्यातली गादी फाटली असणार. मावशींनी बर्फ लावला, पायाखाली उशी दिली. त्या कामावर गेल्यावर बुवांनी शेजाऱ्याकडून तेल रगडून घेतलं, वर गरम शेक घेतला. गुडघा टम्म फुगला. मग मधूनच अडकायला लागला. वाकला की वाकलेलाच.

"अहो, दाखवून तरी घ्या."

"आणि बभ्रा झाला म्हणजे? लंगड्या रंगाऱ्याला शिडीवर कोण चढू देतं? शाळेचं काम आलंय, चौदा वर्ग."

आज सकाळी कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा कुठे ते "बघू" म्हणाले होते. त्या एका "बघू"वर मावशी सकाळपासून तग धरून होत्या.

पावणेएकला त्यांनी एक्केचाळीस पुकारला. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारला. मग बेचाळीसला आत सोडलं. डोळ्यांपुढे नुसती शिडी दिसत होती. वरच्या पायरीवर बुवा, आणि नेमका तिथेच गुडघा अडकलेला. एका म्हातारीवर त्या उगाचच खेकसल्या. एक वाजता दार ओढून घेतलं आणि थेट शाळा गाठायची म्हणून जिना उतरायला लागल्या.

वळणावरच्या पायरीवर रंगारीबुवा भिंतीला टेकून बसले होते. उजवा पाय अर्धा वाकलेला, चेहरा घामानं डबडबलेला.

"अहो! कधीपासून बसलाय इथं?"

"अकरा वाजल्यापासून. लिफ्ट बंद होती. म्हटलं, चढू."

"दोन तास? मी दहा पायऱ्या वर होते! कुणाला सांगायचं तरी!"

"विचारलं तिघा-चौघांनी. म्हटलं, बायकोची वाट बघतोय." बुवा थांबले. "तू पुकारलेलं ऐकू आलं गं. ओ दिली असती, तर सगळी ओपीडी बघायला आली असती."

मावशी खाली बसल्या.

"एक झटका दे, सरळ होईल," बुवा म्हणाले.

"हात नाही लावायचा."

जेवायला निघालेले डॉक्टर पायरीवरच उकिडवे बसले. गुडघा हलक्या हातानं चाचपत म्हणाले, "गादीचा तुकडा फाटून सांध्यात अडकलाय, दाराच्या फटीत चिंधी अडकावी तसा. ओढाताण केली नाहीत, बरं केलंत. एमआरआय करू. मग दुर्बिणीतून ऑपरेशन. शिवण्यासारखा असेल तर शिवून टाकू."

"आणि शिडी?"

"शिवला तर पाच-सहा महिने नाव काढायचं नाही. पुढचं पुढे बघू."

बुवांनी भिंतीचा सुटलेला पोपडा नखानं उचलला.

"अस्तर न मारताच रंग फासलाय," ते म्हणाले. "चौदा वर्ग होते."

वॉर्डातले दोघं खुर्ची घेऊन आले. बुवांनी डोळे मिटून खुर्चीचे हात घट्ट धरले. खुर्ची उचलली गेली, तशी मावशींनी वाकलेला पाय दोन्ही तळहातांवर तोलला. तो होता तसाच, जरासुद्धा हलू न देता, त्या एकेक पायरी चढू लागल्या.