गो, वेंट, गॉन आणि जोहराचं 'येते'

"हा फाटका तक्ता उतरवा मोतालेब सर, नाहीतर मी फाडतो," शाहेद मास्तर म्हणाला.

"तो उतरला तर मीही उतरतो. मग शिकव एकटाच," म्हातारे सर म्हणाले.

भांडण माझ्यावरून, मित्रांनो, आणि मला कोणी विचारतच नव्हतं. डोकंच फिरलं माझं. मी बांगलादेशातल्या बोरिशालच्या लाँचघाटाजवळच्या शिकवणीतला इंग्रजी क्रियापदांचा तक्ता. जुना आहे, कापडाचा आहे, पण भंगार नाही. रिक्षा रंगवणाऱ्याने मला रंगवलं, म्हणून गो, वेंट, गॉनच्या कडेने मोर नाचतात. पोरं माझ्याकडे बघून कोकलत पाठ करायची. सर सांगायचे, बांगला वाक्याचं शेपूट, म्हणजे शेवटचं क्रियापद, धरा, इंग्रजीतला काळ सापडेल. शाहेद म्हणायचा, घरी कोण बोलतं हो असं पुस्तकी शेपूट लावून? खरं होतं त्याचं. पण म्हणून फाडायचं?

मला वेगळंच कोडं होतं. घरी निघालेलं प्रत्येक पोर दारात म्हणायचं, "सर, येतो." सर म्हणायचे, "ये." निघताना 'जातो' म्हणणं इथे अशुभ. मग माझ्यावरचं 'गो' लागतं कोणाला?

मागे बसणाऱ्या जोहराला लागत होतं. तिला ढाक्याच्या इस्पितळात मदतनीस व्हायचं होतं. मुलाखत इंग्रजीत, परदेशी डॉक्टरीणबाई घेणार. नाही जमलं, तर घरचे लग्न लावून मोकळे होणार होते. शाहेद सराव घ्यायचा. उठताना म्हण, आय ॲम गोइंग.

"आईसमोर असं म्हटलं तर उंबरा ओलांडू देणार नाही ती."

"मुलाखत आई घेणारे का तुझी?"

पोरं हसली. जोहरा नाही हसली.

ढाक्याहून आली आणि तिनेच सगळं सांगितलं. काळ नीट, क्रियापदं नीट. उठताना मात्र सवयीने तोंडातून गेलं, आय ॲम कमिंग. आणि आली की निघून. बाई वाट बघत बसल्या, पुढच्या मुलीला आत घेईनात. शेवटी शिपाई फाटकापर्यंत धावला. कुठे गेली होतीस, बाईंनी विचारलं. जोहराने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडे परत यायचं कबूल करूनच निघतात. बाई म्हणाल्या, मग घरी जाताना रोग्यांनाही असंच सांगशील?

"त्यांना तर सांगायलाच हवं," जोहरा म्हणाली.

घेतलं तिला.

तिकडच्या मदतनीस मुलीही इंग्रजीत अडखळतात, म्हणून तिने मला मागून घेतलं. गुंडाळून सुतळी कोणी बांधली माहितीये? शाहेदने. मोर चुरगळू नयेत म्हणून जपून. मित्रांनो, जुनं काही फाडायच्या आधी विचारा की, कोणाला हवंय का.

दारात जोहरा म्हणाली, "सर, येते." मोतालेब सर माझ्या गुंडाळीवरून हात फिरवत राहिले.

"ये," शाहेद म्हणाला.

लाँचचा भोंगा झाला. मला निघायला हवं. येतो.