आंबील कुठं ओतायची?

भागवतच्या विहिरीवरचा रहाट तीन वर्षं बंद होता. दोर काढून ठेवलेला, चाक गंजून गेलेलं. तरी येळवशीला, मार्गशीर्ष अमावस्येच्या रानातल्या सणाला, ऊन डोक्यावर आलं की ते चाक करकरायचं, आणि पाठोपाठ बांगड्या वाजायच्या. वारा असेल, असं शेजारचा मन्मथ म्हणायचा. वाऱ्याला कुठून आल्या बांगड्या? भागवत वाद घालत नसे. बायको, गोदावरी, पाणी शेंदायला आली की तिचा आवाज त्याला कळत होता. चाळीस वर्षांचा संसार होता.

तीन वर्षांपूर्वी याच दिवशी तिनं विचारलं होतं, "अवं, पाण्याला वास यायलाय. टँकरचं घेऊ का?"

वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना. त्याची घाण ओढ्यात, ओढ्यातली विहिरीत, हे सगळ्या शिवाराला ठाऊक होतं. पण येळवशीची आंबील रानातल्याच विहिरीच्या पाण्याची करायची, हा घरचा शिरस्ता. भागवत खेकसला होता, "पांडवांना टँकरचं पाणी पाजतीस व्हय?"

ताकात आणि ज्वारीच्या पिठात वास मुरून गेला. रानात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पाच पांडवांच्या दगडांना नैवेद्य दाखवून तिनं पहिली वाटी घेतली. पाहुणे यायच्या आतच तिला उलट्या सुरू झाल्या, आणि भागवतच्या ओठाला वाटी लागलीच नाही. आठव्या दिवशी लातूरच्या दवाखान्यातून तिला आणली ती पांढऱ्या कापडात. तेव्हापासून आपलं ते पांडवांचं वाक्य त्याला रोज ऐकू यायचं.

कारखान्याला दंड झाला, कुलूप लागलं, दोन महिन्यांनी ते निघालं. कायदाच तेवढा, असं तपासणीवाले म्हणाले. आता दिल्लीत नवा कायदा यायचा होता: पाण्यात विष सोडणाऱ्याचा परवाना कायमचा जाईल, मालक तुरुंगात जाईल. मुलीनं, तनुजानं, नांदेडहून खासदारांसाठी अर्ज लिहून पाठवला: या कायद्याच्या बाजूनं मत द्या. गावानं सह्या केल्या. खासदारांनी तो दोनदा घेतला आणि दोनदा "बघू" म्हणाले. बघण्यातच पुढाऱ्यांचा जन्म जातो.

यंदा खासदार येळवशीला त्याच्याच रानात जेवायला येणार होते. भागवतनं दोन मडक्यांत आंबील केली. मोठ्या मडक्यातली टँकरच्या पाण्याची, सगळ्यांसाठी. लहान मडक्यातली विहिरीच्या पाण्याची. तिच्यातली एक पळी दरवर्षी गोदावरीच्या पितळी वाटीत ओतून कोपीत ठेवायची, एवढंच त्या आंबिलीचं काम. यंदा तिचं दुसरंही काम त्यानं मनात योजलं होतं. एक वाटी पोटात गेली की साहेबांना "बघू" म्हणायचं सुचणार नाही.

खासदार आले. माणूस सरळ होता. मांडी घालून बसले, ओल्या हरभऱ्याची मिसळ भाजी, भज्जी, दोनदा मागून घेतली. भागवतनं कोपीतून पितळी वाटी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

वाटी ओठाजवळ गेली. आणि विहिरीवर चाक करकरलं.

बांगड्या या वेळी विहिरीवर वाजल्या नाहीत. त्याच्या कानाशी वाजल्या. पाहुण्याला पाणी देताना ती नेहमी अशीच वाकायची. भागवतनं झडप घातली आणि साहेबांच्या तोंडची वाटी काढून घेतली.

पंगत गार पडली. येळवशीला पाहुण्याच्या हातातली आंबील कुणी हिसकावली, असं त्या शिवारात कधी घडलं नव्हतं.

"तात्या, येड लागलं का तुमाला?" मन्मथ ओरडला.

"ही विहिरीच्या पाण्याची हाय," भागवत म्हणाला. "साहेब, मी जाणून दिली होती तुमाला. माफ करा. हिच्यापायी माझी मालकीण गेली, आन् तिला मीच पाजली."

खासदारांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "ओतून टाका ती."

"कुठं ओतू?"

"कुठंही ओता."

"हरभऱ्यात ओतू? तो तुमच्या भज्जीत हाय. विहिरीत? आधीच तेच हाय. ओढ्यात ओतली तर खालचं गाव पितंय." भागवतनं वाटी पुन्हा त्यांच्या हातात दिली. "तुमीच सांगा. तुमी म्हणाल तिथं ओततो."

खासदार उठले. बांधापर्यंत गेले, ओढ्याकडे पाहिलं, मागे फिरले. शंभर माणसं बघत होती. वाटी हातात तशीच होती. शेवटी त्यांनी ड्रायव्हरकडून रिकामी बाटली मागवली, आंबील स्वतः तिच्यात ओतली आणि झाकण घट्ट लावलं.

"अर्ज कुठाय?" त्यांनी विचारलं.

भागवतनं दिला. त्यांनी तो बाटलीला गुंडाळला आणि गाडीत मांडीवर घेऊन बसले. "बघू" म्हणाले नाहीत.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. भागवतनं पितळी वाटी टँकरच्या पाण्यानं तीनदा विसळली, मोठ्या मडक्यातली आंबील भरली आणि कोपीत तिच्या जागेवर ठेवली.

"आज टँकरचीच हाय," तो म्हणाला. "पी. मी काय म्हणणार न्हाई."

मग तो रहाटाकडे तोंड करून बसला. वारा चांगला सुटला होता, कडबा सळसळत होता. चाक वाजलं नाही. अंधार पडेपर्यंत तो कान देऊन बसून राहिला.