आठ फूट पाण्यातला कुकर

कारखान्याच्या वसाहतीत क्लब होता, क्लबात पोहण्याचा तलाव होता आणि त्या तलावावर रोज दुपारी चार ते पाच हा तास बायकांचा होता. तेवढा वेळ फाटक आतून बंद व्हायचं, चौकीदार पाठ करून बसायचा आणि कुठल्याही पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही, असा क्लबचाच नियम होता. नियम चांगला होता. पण चांगलं चाललेलं काही माणसांना बघवत नाही. १९९४ च्या जूनमध्ये सेक्रेटरी सतीश माथुर यांनी फळ्यावर नोटीस लावली, की शेवटच्या शनिवारी कमिटीपुढे ठराव येईल: महिलांचा तास बंद करून वॉटरपोलोच्या मुलांना द्यावा. कारण एकाच ओळीचं होतं. महिला सदस्य तैरती नहीं हैं.

नंदा करमरकरने ती ओळ वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंदा सांगलीकडची. पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत ढकललेली मुलगी ती, सातव्या वर्षी डब्याशिवाय वर आली होती. लग्न होऊन लखनऊला येऊन अठरा वर्षं झाली. वसाहतीतल्या नऊ बायकांना तिने एकेक करून पोहायला शिकवलं होतं. घरात तिला कोणी त्रास देत होतं अशातला भाग नाही, पण सकाळपासून रात्रीपर्यंत ती कोणाची तरी कोणीतरी असायची. चार ते पाच ती नुसती नंदा असायची. तो तास गेला तर आपल्याजवळ काय उरतं, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच ती तशीच जिना चढून माथुरसाहेबांच्या ऑफिसात गेली.

माथुरसाहेब पक्के लखनवी. माणसाचा गळा कापायचा असला तरी आधी चहा मागवतील. त्यांनी नंदाला बसवलं, चहा मागवला आणि खिडकीकडे बोट केलं. खिडकीतून तलावाचं लांबचं टोक दिसायचं.

"देखिए भाभीजी, यहाँ से मुझे क्या दिखता है? आठ-दस सिर. पानी में खड़ी हैं, बातें हो रही हैं. बातें तो लॉन पर भी हो सकती हैं."

आता यात साहेबांना दिसत होतं ते खोटं नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. त्या बायका डोकं कधी पाण्याखाली नेत नसत. पाच वाजता घरी जाऊन चहा टाकायचा, सासूपुढे उभं राहायचं; रोज ओले केस कोण वाळवणार आणि रोज कोणाला काय सांगणार? केस धुवायचा वार ठरलेला, बाकीचे दिवस डोकं कोरडं. म्हणून नंदाने त्यांना उभ्याने पोहायला शिकवलं होतं. मान वर, हात पाण्याखाली, पाय सायकल मारल्यासारखे चाललेले. खोल टोकाला आठ फूट पाण्यात त्या पाऊण-पाऊण तास तळाला पाय न लावता तरंगत राहायच्या, आणि तोंडाला काम नसल्यामुळे बोलायच्या. वरून बघणाऱ्याला त्या पाणवठ्यावर उभ्या असल्यासारख्या दिसत.

नंदाने हे सगळं साहेबांना सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, ऊपर से जो दिखता है वही तो मानेंगे, पानी के नीचे देखने कौन जाएगा? बरोबरच होतं. त्या तासाला पुरुष आत जाणार नव्हता आणि कमिटीत तर सगळे पुरुषच.

"मी जाईन," नंदा मराठीतच म्हणाली आणि चहा तसाच टाकून खाली उतरली.

तिचे यजमान हरिहर त्याच कारखान्यात, माथुरसाहेबांच्या दोन पायऱ्या खाली. रात्री जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, बढतीची यादी ऑगस्टात निघते. नंदा म्हणाली, अहो, पाण्यात मी राहते, तुम्ही तर काठावर आहात. कपाटातला जुना कॅमेरा मात्र तिने पाण्याखाली फोटो काढायला मागितल्यावर त्यांनी काढून दिला, आणि त्याला आपली संमती समजू नये असंही बजावलं.

कॅमेरा साधा होता. अंतराचं कडं हाताने फिरवायचं: तीन फूट, चार फूट, सहा फूट. पण तो पाण्यात न्यायचा कसा? परदेशी मासिकात त्याच्यासाठी खास पेट्या दाखवतात; लखनऊच्या फोटोवाल्यांनी त्या बापजन्मात पाहिल्या नव्हत्या. नंदाने पेटी घरातच शोधली. पाणी आत येऊ नये आणि वाफ बाहेर जाऊ नये, ही दोन्ही कामं एकाच जातीची, असा तिने विचार केला आणि फळीवरचा तीन लिटरचा कुकर उचलला.

तो घेऊन ती रिक्षाने अमीनाबादला गेली. तिथे गल्लीच्या तोंडाशी शकूर मियाँ स्टोव्ह दुरुस्त करत बसायचे. कुकरच्या बुडाला वाटीएवढं भोक पाडून काच बसवायची, शिट्टीची जागा बुजवायची आणि बाजूने एक दांडा आत सोडायचा, बाहेरून दाबला की आतलं बटण दाबलं जावं असा, हे ऐकून मियाँनी आधी तिच्याकडे आणि मग कुकरकडे बघितलं. त्यांना वाटलं बाईंची दाल कुठेतरी जळलीय. पण कारण कळल्यावर त्यांनी चष्मा चढवला. स्टोव्हच्या पंपाचा दांडा वॉशरमधून जातो आणि थेंबभर रॉकेल बाहेर येत नाही. इथेही तेच करायचं होतं. तीन दिवसांनी कुकर तयार झाला. नंदाने आत वर्तमानपत्र कोंबून तो बादलीत दाबून धरला. अर्ध्या तासाने कागद कोरडा होता.

पहिल्या दिवशी कुकर बुडेचना. नंदा खाली ओढतेय आणि तो तिला वर आणतोय. नऊ बायका हसून हसून पाणी प्यायल्या. दुसऱ्या दिवशी किराणावाल्याकडचं दोन किलोचं वजन झाकणाला बांधलं तेव्हा तो मुकाट्याने खाली आला.

हसू थांबल्यावर मात्र बायका घाबरल्या. पाण्यातल्या बाईचा फोटो, आणि तो कुठल्या तरी स्टुडिओत धुतला जाणार? शकीला आपांनी सरळ नाही म्हटलं. त्या साठीच्या, नऊ जणींत सगळ्यात मोठ्या, त्यांचं ऐकून बाकीच्याही मागे सरल्या. सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नी लीलावती माथुर तर पाण्याबाहेरच जाऊन बसल्या. त्या दोन वर्षांपासून पोहत होत्या आणि घरी सांगत होत्या की पायरीवर बसून पाय बुडवते.

नंदाने काठाला हात टेकून त्यांना समजावलं. "चेहरा तो आपका ऊपर रहता है. मैं नीचे रहूँगी. नीचे सिर्फ़ पैर हैं." नाव कोणाचंही घेणार नाही, जीव गेला तरी नाही, असा शब्द तिने दिला. शकीला आपा परत खोल पाण्यात गेल्या, त्यांच्यामागून बाकीच्याही. लीलावती बसूनच राहिल्या.

एका फोटोला एक बुडी लागायची. वर यायचं, हात पुसायचे, कुकर उघडायचा, रीळ एक घर पुढे सरकवायचं, झाकण लावायचं, पुन्हा खाली. नंदा जात्याच काटेकोर. अंतर चुकू नये म्हणून शिवणाची टेप पाण्यात नेऊन कुकरपासून पायांपर्यंत मोजून बरोबर चार फूट घ्यायची आणि कडं चारवर लावायची. चार दिवसांत छत्तीस फोटो झाले. शनिवार आठ दिवसांवर होता.

फोटो आले तेव्हा नंदा स्टुडिओच्या पायरीवरच बसली. छत्तीसच्या छत्तीस धूसर. पाय म्हणावेत तर पाय, दुधी भोपळे म्हणावेत तर भोपळे. स्टुडिओवाला म्हणाला, मैडम, पानी में तो ऐसा ही आएगा. घरी हरिहरनी फोटो बघितले आणि उलटे करून टेबलावर ठेवले, ते तिला जास्त लागलं. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात एकटी रडली. रडून झाल्यावर तिला अधिकच राग आला, आणि राग आला की तिचं डोकं बरं चालायचं.

मोजमाप तर चोख होतं. मग चुकलं काय? दुसऱ्या दिवशी ती कुकर न घेता, नुसता पोहण्याचा चष्मा लावून पाण्यात बसून राहिली. वर येताना शिडीच्या दांड्याला हात घातला तो रिकामाच मिटला. दांडा दिसत होता त्याच्यापेक्षा लांब होता. तिने पुन्हा हात घातला, पुन्हा कमी पडला. असा तो गेली कित्येक वर्षं कमी पडत होता आणि तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. विहिरीत वाढलेल्या पोरीला एवढं कळू नये? पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते. तिच्या डोळ्याला जवळ दिसते, तर काचेआडून बघणाऱ्या कॅमेऱ्यालाही जवळच दिसणार. टेप खरी होती, पण कॅमेऱ्याला टेपशी काय घेणं? टेपने चार फूट भरतं ते चष्म्यातून तीन फूट दिसतं, तर कडं तीनवर लावायचं. बघायचं डोळ्याने आणि भरवसा टेपवर, हीच तिची चूक होती.

नवं रीळ घालून ती खाली गेली. पाच-सहा बुड्या झाल्यावर वर आली तेव्हा लीलावती काठावर उभ्या होत्या. त्यांनी साडी उतरवून कुर्ता-सलवार चढवली होती.

"मेरी भी लीजिए," त्या म्हणाल्या. "गहरे में."

शनिवारी साडेतीन वाजता माथुरसाहेबांच्या ऑफिसात कमिटी बसली. अध्यक्ष एक निवृत्त कर्नल, शेजारी माथुरसाहेब, चार सदस्य. नंदाने टेबलावर बारा फोटो मांडले. हिरवट पाणी, वरून आलेलं उन्हाचं जाळं, आणि त्यात पाय. गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या सलवारी, फुगलेले कुर्ते, चालणारे, वळलेले, जोरात मागे मारलेले पाय. मागच्या भिंतीवर तलावाच्या खोलीची खूण स्पष्ट वाचता येत होती, आठ फूट, आणि सगळ्यांत खालच्या अंगठ्याखालीसुद्धा तीन-साडेतीन फूट नुसतं पाणी होतं. कर्नलसाहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले की आपल्याला स्वतःला असं पाच मिनिटांच्या वर जमणार नाही.

माथुरसाहेबांनी मात्र फोटो पुढे सारले. आवाज गोडच होता.

"पैर तो किसी के भी हो सकते हैं. ये हमारी मेंबर हैं, इसका क्या सबूत? आप नाम बता दीजिए, बात ख़त्म."

सगळे नंदाकडे बघू लागले. नऊ नावं घेतली की तास वाचत होता. जिभेवर आलेली नावं तिने गिळली. दारातून बाहेर व्हरांड्यात त्या सगळ्या बसलेल्या तिला दिसत होत्या, आणि दार उघडंच होतं.

"नाम नहीं बताऊँगी," ती म्हणाली. "मैंने ज़बान दी है."

माथुरसाहेबांनी हात पसरले आणि ठरावाचा कागद ओढला. तेवढ्यात व्हरांड्यात चपला वाजल्या. शकीला आपा आत आल्या, कमिटीला आदाब केला, चपला काढल्या आणि गालिच्यावर उभ्या राहिल्या. डाव्या टाचेवर जुन्या भाजल्याचा मोठा डाग होता. तिसऱ्या फोटोत तोच होता. त्यांच्या मागून तिवारीबाई आल्या, पायाला फोटोतलाच लाल आलता. मग बाकीच्या, एकीमागून एक. गालिच्यावर अनवाणी बायकांची रांग लागली आणि सहा पुरुष खाली मान घालून पाय बघत बसले. खाली मान घातलेले पुरुष नंदाने आयुष्यात प्रथमच एवढे एकत्र पाहिले.

आठ झाल्या. नवव्या बाईचा फोटो माथुरसाहेबांच्या हातात होता. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, दोन्ही पायांत चांदीचे बिछवे, म्हणजे तिकडची जोडवी. त्यांनी तो जवळ नेला, लांब धरला. सव्वीस वर्षं घरात वावरणारे पाय माणूस ओळखणारच.

लीलावती आत आल्या. पदर खांद्यावर घेतला, चपला काढल्या आणि रांगेच्या टोकाला उभ्या राहिल्या.

"आपने कभी पूछा नहीं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आठ फुट में थी. चालीस मिनट."

या खेपेला चहा मागवायचं माथुरसाहेबांना सुचलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते. नंदाने फोटो गोळा केले नाहीत. ती उठली, तशा बाकीच्याही चपला पायांत सरकवून दाराकडे वळल्या. कर्नलसाहेबांनी विचारलं, फ़ैसला सुनकर नहीं जाएँगी?

"फ़ैसला आप लोग कीजिए," नंदा म्हणाली. "हमारा घंटा शुरू हो गया."

खाली फाटक आतून बंद झालं आणि चौकीदार पाठ करून बसला. ऑफिसची खिडकी उघडी होती. लीलावतींनी तिकडे एकदा बघितलं, केसांचा अंबाडा सोडला आणि खोल टोकाला जाऊन डोक्यासकट पाण्यात उडी मारली.