पंपाच्या दुकानामागची कादंबरी

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तुमची पहिली कादंबरी पुन्हा छापावी असं मला वाटतं. पण मला एकटीला वाटून उपयोग नाही. पुढच्या महिन्यात मिटिंग आहे आणि तिथं सगळे आधी लेखकाची वेबसाइट बघतात. तुमची आहे ना?"

"आहे ना," कादंबरीकार म्हणाले. इतकी वर्षं नसलेल्या गोष्टी लिहिल्याचा असा कधीतरी उपयोग होतो.

पहिली कादंबरी बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. नंतरच्या तीन मिळत होत्या. कोणी नेत नव्हतं, म्हणून मिळत होत्या. पहिलीची घरातली शेवटची प्रत त्यांनी एका पुरस्कारासाठी पाठवली होती. पुरस्कार आला नाही आणि प्रतही आली नाही. ती पुन्हा छापून यावी, एवढीच एक इच्छा आता शिल्लक होती. बाकीच्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या.

वेबसाइट करणारा माणूस घरातलाच निघाला. मेहुण्याचं पाण्याच्या पंपांचं दुकान होतं आणि दुकानाची साइट त्यानं स्वतः केली होती.

"भाऊजी, सोप्पं आहे. माझीच साइट घेतो, पंप काढतो, तुम्हाला बसवतो."

"जरा गांभीर्य असू दे."

"पंपाला काय कमी गांभीर्य असतं? बंद पडला की कळतं."

पुढचे आठ-दहा दिवस गांभीर्यात गेले. हनुवटीखाली हात, खिडकीबाहेर नजर, असा फोटो काढण्यात सबंध रविवार खर्ची पडला. बायकोचा हात कॅमेरा धरून भरून आला. साइट उघडली की बासरी वाजायची, मग हळूहळू फोटो उमटायचा, मग 'माझी भूमिका' सुरू व्हायची आणि ती लवकर संपायची नाही.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. आयुष्यभर मुलांना नकाशात नद्या शोधायला लावलेल्या. तिनं चष्मा चढवून साइट वरून खाली, खालून वर पाहिली.

"अहो, ह्यात पुस्तकं कुठं आहेत?"

"साहित्यसंपदेत."

"आणि ती कुठंय?"

"चिंतनाच्या मागे."

"सापडायची नाहीत," ती म्हणाली आणि वह्या तपासायला गेली.

तेवढ्यात मेहुण्यानं फोन केला. "भाऊजी, दुकानाच्या साइटवरचं एक पान तसंच राहिलंय. 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न'. रिकामं बरं दिसत नाही. काय टाकू?"

कादंबरीकार तेव्हा हनुवटीच्या दोन फोटोंपैकी एक निवडत होते. "टाक काहीतरी," ते म्हणाले.

मिटिंगच्या दिवशी दुपारी संपादकबाईंचा फोन आला.

"तुमची साइट मोठ्या पडद्यावर लावली. बासरी वाजली, तसे दोघं चहा आणायला उठले."

कादंबरीकार खुर्चीत बसले.

"मग आमच्या विक्रीवाल्यांनी ते प्रश्नांचं पान उघडलं आणि सगळे तिथंच अडकले. अहो, इतकं खरं कोणता लेखक लिहितो? मंजूर झाली. छापतोय! फक्त टाइप करायला जुनी प्रत पाठवा, आमच्याकडे नाही."

फोन ठेवून कादंबरीकारांनी ते पान जन्मात पहिल्यांदा उघडलं.

*कोणती कादंबरी आधी वाचावी?* — पहिली. दुसरी आणि तिसरी लेखकाला स्वतःला फार आवडतात.

*सुरुवात संथ आहे का?* — हो. मुलगी घर सोडून जाते तिथून उचल घेते. तोवर धीर धरा.

*त्यातला लबाड मामा खरा आहे का?* — तो मीच. इतका लबाड नाही.

*कुठे मिळेल?* — मिळत नाही. माझ्याकडे एक प्रत आहे. वाचा आणि पुढच्याला पाठवा.

या शेवटच्या उत्तराखाली लोकांची रांग लागली होती. दुकानाच्या साइटवर मेहुण्यानं 'मोटर दुरुस्त होईपर्यंत वाचा' असं बटण ठेवलं होतं. ते दाबून आलेली माणसं एकमेकांना प्रत कोणाकडे आहे ते विचारत होती, आपला नंबर सांगत होती आणि मामाला, म्हणजे मेहुण्याला, शिव्या घालत होती. मामा सगळ्यांचे आभार मानत होता.

कादंबरीकारांनी मेहुण्याला फोन लावला. "दुसरी-तिसरीबद्दल हे काय लिहिलंस?"

"आवडत नाहीत का तुम्हाला?"

"बरं, ती प्रत कुठंय? मला हवीय."

"आता माझ्या हातात काय आहे? तिथंच विचारा."

त्यांनी पानाखाली लिहिलं: "मी या कादंबरीचा लेखक आहे. प्रत तातडीने हवी आहे."

लगेच उत्तर आलं: "तातडीनं सगळ्यांनाच हवी आहे. नंबर लावा."

दुसरा म्हणाला, "लेखक कशावरून?"

"वर माझा फोटो आहे. माझी भूमिकाही आहे."

"तिथं कोण जातं?"

बायको मागे उभी राहून वाचत होती. ती हसली नाही. तेवढी मेहेरबानी तिनं केली.

आता सरळ बोलणं भाग होतं. कादंबरीकारांनी एका बोटानं टाइप केलं: "ही कादंबरी पुन्हा छापली जाणार आहे. छपाईसाठी एक प्रत लागते आणि माझ्याकडे एकही नाही. कृपा करा."

मग एकेक जण हलला. "माझा नंबर ह्यांना द्या." "माझाही. छापून आली की विकतच घेईन." जो 'लेखक कशावरून' म्हणाला होता, त्यानंही नंबर सोडला, वर विचारलं, की नव्या प्रतीत सुरुवात जरा आवरता येईल का.

शेवटी जिच्याकडे प्रत होती, ती बाई बोलली. "माझ्याकडे आहे. शेवटची थोडी पानं राहिलीत. ती झाल्याशिवाय देणार नाही. उद्या कुरिअर करते. तोवर कोणी शेवट सांगू नका. लेखकांनीसुद्धा."

त्या शेवटाविषयी 'माझी भूमिका'मध्ये कादंबरीकारांनी सहा परिच्छेद लिहिले होते. त्यांनी आधी मेहुण्याला फोन करून ते काढायला सांगितले. "बासरीही काढ," ते म्हणाले.

मग त्या बाईला लिहिलं, "नाही सांगत. सावकाश वाचा."