तेवीस नावांची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. एका लहानशा ग्रीक बेटावरच्या बेकरीत, पिठाच्या कोठीत मी उभी आहे. माझे तारुण्य मजेत गेले. पाठीला भट्टीची ऊब असे आणि दिवसभर पावाचा वास.

मग दुसऱ्या महायुद्धातला तो उपासमारीचा हिवाळा आला. घरातले माणूस गेले तरी लोक कुणाला सांगत नसत, कारण नोंद केली की त्याच्या शिधापत्रिकेवरचा पाव बंद होई. माणसे गुपचूप पुरली जात. बेकरीवाला इग्नातिस सगळे ओळखून होता. तो मेलेल्याच्या वाट्याचा पाव मुकाट्याने देई आणि मागाहून कोळशाने माझ्यावर त्याचे नाव लिही. अशी तेवीस नावे झाली. त्यांत आर्गिरोचा नऊ वर्षांचा पांदेलिस होता. त्याच्या पावावर त्याची धाकटी बहीण जगली. सरकारदरबारी मात्र तो कधी मेलाच नाही.

इग्नातिस होता तोवर चुन्याचा कुंचला माझ्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. तो गेला, बेकरी बंद पडली आणि मला कुणी विचारीनासे झाले.

१९७१ साली देशाच्या स्वातंत्र्यलढ्याला दीडशे वर्षे झाली. गावची शिक्षिका लुकिया शाळेत प्रदर्शन मांडणार होती.

"तलवारी नि झेंडे सगळेच मांडतील, बाई," म्हातारी आर्गिरो तिला म्हणाली. "माझा पोरगाही मांडा की."

तिने लुकियाला माझ्यापुढे आणून उभे केले. आर्गिरोला अक्षरओळख नव्हती; इग्नातिसने दाखवलेली जागा तेवढी तिला ठाऊक. तिने तिथे बोट ठेवले. संध्याकाळ झाली होती, अक्षरे नीट लागत नव्हती.

"शनिवारी फोटोवाला येतोय, आजी," लुकिया म्हणाली. "तेव्हाच उजेडात सगळी नावं उतरवून घेते."

त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

पण आमच्या बेटावर सण म्हटला की आधी चुना. पाहुणे बेकरी बघायला येणार, असे शेजारीण स्तामातियाच्या कानावर गेले. शुक्रवारी ती चार बायका घेऊन आली. "काय ही मेली काजळी! गावाची अब्रू जाईल," म्हणत तिने मोठ्या मायेने मला चुन्याचे दोन हात दिले.

शनिवारी लुकियाने नखाने खरवडून पाहिले. चुन्याबरोबर कोळसाही गळून पडला.

"मला वाटलं, धुराचे डाग असतील," स्तामातिया रडत म्हणाली.

"तुझा काय दोष? आपण दोघी सारख्याच अडाणी," आर्गिरो म्हणाली.

लुकियाने वही काढली. "आजी, तुम्ही सांगा, मी लिहिते."

"पांदेलिस."

"आणि बाकीची?"

"बाकीची कशी सांगू, पोरी? ज्याचं त्याचं घर गप्प बसलं होतं. मी कुणाला विचारलं नाही, मला कुणी विचारलं नाही."

प्रदर्शनात वहीचे तेच पान लागले. वर एक नाव आणि खाली बावीस रिकाम्या ओळी. लोक सांगतात, काही म्हाताऱ्या त्या ओळींपुढे बराच वेळ उभ्या होत्या. एकीनेही तोंड उघडले नाही.

मित्रांनो, जुन्या डागावर कुंचला फिरवण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि तुमच्या घरी कुणी असे वर्षानुवर्षे गप्प असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा.