वाकडे धागे

रफूगार कोट मांडीवर घेऊन विणकरांना शिव्या घालत होता. जळलेल्या भोकाभोवतीचे उभे धागे मधेच लचकले होते. "पूर्वी कापड कसं सुतासारखं सरळ असायचं! हल्ली नुसती पाट्या टाकायची कामं." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याने जन्मभर दुसऱ्यांनाच ऐकवली होती.

डोळ्यांच्या गोळ्यांची बाटली खिडकीत होती, मेहुण्याने आणून दिलेली. त्या सुरू करायच्या की आधी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं, यावरून बायकोशी वाद झाला आणि तोच जिंकला.

"त्याच म्हणाल्या होत्या ना, अशा गोळ्यांनी काहींचा आजार वाढायचा वेग कमी होतो म्हणून? मग झालं तर."

"अहो, पुढचंही म्हणाल्या होत्या. सरळ रेघ वाकडी दिसली, तर थांबू नका, त्याच दिवशी या."

"सरळ रेघेतच माझा जन्म गेलाय. वाकडी झाली तर मला नाही कळणार?"

रोज सकाळी गोळी गिळून तो सुईत दोरा ओवायचा. दोरा एका फटक्यात जायचा. हीच त्याची परीक्षा आणि हाच निकाल.

आजही गेला. "बघ, गुण येतोय."

बायकोने दोरा सुईतून ओढून काढला. मग म्हणाली, "आता डोळे मिटून ओवा."

"पोरखेळ नुसता," म्हणत त्याने हसत डोळे मिटले. दोरा एका फटक्यात गेला.

त्याचं हसू मावळलं. इतके दिवस दोरा डोळे नव्हे, बोटंच ओवत होती; बोटांनी आपल्याला फसवलं होतं. त्याने डोळे उघडून दाराकडे पाहिलं. चौकट मधेच लचकली होती, अगदी कोटाच्या धाग्यांसारखी.

"अगं, हे दार कधी वाकलं?"

"दार सरळ आहे हो." तिने चपला त्याच्या पायाशी आणून ठेवल्या. "उठा. डॉक्टरीणबाई पहिलं हेच विचारतील. कापड कधीपासून वाकडं दिसतंय?"

त्याने आठवून पाहिलं. कोटाआधी ती शाल होती. शालीआधी वकिलाची पँट, तिच्या विणकरालाही त्याने शिव्या घातल्या होत्या. त्याआधी कुणाचा तरी सदरा होता. तो मागे मागे जात राहिला, पण सरळ कापड शेवटचं कधी हातात आलं होतं, ते त्याला आठवेना.